हनोईच्या पदपथावर

खाण्यासाठी म्हणून कोणी परदेशी जाते काय, असा सरळ प्रश्न आमच्या थोरल्या वहिनींनी निघण्याच्या आदल्या दिवशी विचारला, तेव्हा देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आमच्या घरात बाहेरचे खाणे म्हणजे रावपुऱ्याकडे गेलो असता खाल्लेली शेव-उसळ, आणि तीही वर्षातून दोन-चार वेळा. त्यातून आमच्या सौभाग्यवती कट्टर शाकाहारी. आम्ही घराबाहेर अंडे खातो हे घरात सर्वांना ठाऊक आहे आणि त्याविषयी कोणी बोलत नाही, पण सौ.च्या बाबतीत तेवढीही पळवाट नाही. अशा जोडप्याला व्हिएतनामच्या राजधानीत रस्त्यावरचे खाद्यपदार्थ खाण्यासाठी पाठवावे, ही कल्पना आमच्या चिरंजीवांची. सौ.ना साठ वर्षे पूर्ण झाली त्यानिमित्त त्याने ही भेट दिली होती. भेट नाकारता येत नाही, आणि तिचे पैसे आधीच भरलेले असले तर मुळीच नाही.

तेव्हा १६ ऑक्टोबर २०२४ रोजी रात्री, म्हणजे नेमक्या कोजागरीच्या रात्री, आम्ही अहमदाबादहून हनोईच्या थेट विमानात बसलो. लग्नानंतर आटीव दुधावाचून गेलेली ही पहिलीच कोजागरी, असे सौ. खिडकीतून चंद्राकडे पाहत म्हणाल्या. पिशवीत थेपले, दशम्या, मेतकूट आणि घरी केलेला लीलो चेवडो एवढी शिधासामग्री होती. हनोईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. सकाळी उतरलो, दुपारपर्यंत झोपलो आणि चार वाजता होआन किएम सरोवराच्या काठी जाऊन उभे राहिलो.

‘होआन किएम’ म्हणजे परत केलेली तलवार. पंधराव्या शतकात ले लोई या राजाने चिनी सत्तेविरुद्ध ज्या दैवी तलवारीने लढाई जिंकली, ती या सरोवरातल्या सोनेरी कासवाने परत मागून घेतली, अशी कथा आहे. काठावरून तांबडा लाकडी पूल एका छोट्या बेटावरील देवळाकडे जातो. तिथेच आमची वाटाडी भेटली: विशी-बाविशीची, चष्मा लावलेली, विद्यापीठात शिकत असलेली मुलगी. ही सहल खासगी होती, म्हणजे आम्ही दोघे आणि ती एवढाच संघ. तिने चार तास आम्हांला जुन्या शहरातून पायी हिंडवायचे आणि ठरलेल्या ठिकाणी खाऊ घालायचे. मांस, मासे व अंडी सौ.ना वर्ज्य आहेत, हे चिरंजीवांनी आधी लेखी कळवले होते. तिनेही भेटताच ते पुन्हा विचारून वहीत लिहून घेतले.

तिने पहिला धडा दिला तो संबोधनांचा. व्हिएतनामी भाषेत ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांचे काम नात्याचे शब्द करतात. समोरचा माणूस आपल्या आईवडिलांहून थोडा वडील दिसला की त्याला ‘बाक’ म्हणायचे, म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ किंवा बहीण, आणि स्वतःचा उल्लेख ‘चाउ’ म्हणजे पुतणी असा करायचा. अनोळखी माणसाशी बोलायचे तरी आधी त्याचे वय अजमावून नाते जोडावे लागते. “म्हणजे आम्ही तुझे काका-काकू झालो,” असे सौ. म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून मुलीने इंग्रजी वाक्यांतही आम्हांला बाक म्हणायला सुरुवात केली.

दुसरा धडा रस्ता ओलांडण्याचा. मोटारसायकलींचा लोंढा थांबत नाही, थांबेल अशी वाटही पाहायची नाही. संथ, सारख्या पावलांनी चालत राहायचे, मध्येच धावायचे नाही की थबकायचे नाही, म्हणजे लोंढा आपल्या दोन्ही बाजूंनी वाहून जातो. बडोद्याच्या मांडवीत उभी हयात घालवलेल्या माणसांना हे जमले, एवढे अभिमानाने नमूद करतो.

हे शहर १०१० साली राजधानी झाले. त्याची सहस्राब्दी २०१० साली साजरी झाली. सरोवराच्या उत्तरेचा जुना भाग ‘छत्तीस गल्ल्यांचा’ म्हणून ओळखला जातो. एकेका कारागिरीची एकेक गल्ली, जशी पुण्यात तांबट आळी आणि बुरूड आळी. गल्लीच्या नावाआधी ‘हांग’ म्हणजे माल हा शब्द येतो: हांग बाक चांदीची, हांग दुओंग साखरेची, हांग थिएक पत्र्याची. पत्र्याच्या गल्लीत अजूनही हातोड्यांचा आवाज कानठळ्या बसवतो. बाकीच्या पुष्कळ गल्ल्यांत नाव एक आणि माल दुसराच. हांग मा ही कागदाची गल्ली. तिथे कागदाची घरे, कागदाचे कपडे, कागदी नोटांच्या थप्प्या, इतकेच काय, कागदाचे मोबाईल फोनही मिळतात. ते पितरांसाठी जाळायचे असतात. आपला पितृपंधरवडा नुकताच होऊन गेला होता, सौ. त्या कागदी फोनसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

एक गोष्ट विचारायची आम्ही घरूनच ठरवली होती. व्हिएतनामच्या एका नेत्याने शिवाजी महाराजांच्या युद्धनीतीमुळे आपण अमेरिकेला हरवले असे सांगितल्याची कथा प्रत्येक मराठी माणसाकडे कुठून ना कुठून आलेली आहे. मुलीने ती लक्षपूर्वक ऐकली, महाराजांचे नाव दोनदा उच्चारून पाहिले आणि असे आपण कधी ऐकले नाही असे नम्रपणे सांगितले. पुढे आणखी दोघा-तिघांना विचारले, त्यांचेही उत्तर तेच. महाराजांच्या थोरवीला अशा कथेची गरज नाही, हे आम्ही मनाशी म्हटले आणि विषय बदलला. हो ची मिन्ह यांच्याविषयी मात्र मुलीने सांगितलेली एक गोष्ट खरी आहे: १९११ साली त्यांनी देश सोडला तो फ्रेंच जहाजावर स्वयंपाकघरातला हरकाम्या होऊन.

खरा जोडलेला धागा वेगळ्याच ठिकाणी मिळाला. दुकानांच्या पाट्या रोमन लिपीत, पण अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी टोप्या, टिंबे, शेपट्या. हा उद्योग सतराव्या शतकातल्या जेझुइट पाद्र्यांचा. त्यांपैकी अलेक्झांडर द ऱ्होड याचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. इकडे येण्याआधी हा गृहस्थ गोव्यात राहिला होता. आणि फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात रोमन लिपीतच छापले गेले होते, १६१६ साली. आपली लिपी टिकली, यांची बदलली.

टोप्या आणि शेपट्या शोभेच्या नाहीत, हे आम्हांला लवकरच कळले. भाषेत सहा स्वर आहेत. एकच अक्षर सहा प्रकारांनी उच्चारले की सहा अर्थ. हनोईच्या बोलीत ‘चा’ एका सुरात म्हटले तर चहा, दुसऱ्या सुरात म्हटले तर कुटलेल्या किंवा भाजलेल्या मांसाची वडी. आणि ‘चाय’ म्हणजे शाकाहार! सौ.नी तो शब्द हातावर लिहून घेतला.

पहिला मुक्काम एका पदपथावरच्या भाताच्या गाड्यापाशी होता. लहान मुलांच्या खेळण्यातली वाटावीत अशी प्लॅस्टिकची स्टुले, आपल्या पाटाहून जेमतेम वीतभर उंच. गुडघ्यांचे काय झाले ते सांगत नाही. पदार्थाचे नाव ‘सोय सेओ’. चिकट जातीचा तांदूळ हळदीच्या पाण्यात भिजवून वाफवलेला, पिवळाधमक. त्यावर शिजवून घोटलेल्या मुगाच्या डाळीचा घट्ट गोळा हातात धरून सुरीने त्याचे पातळ काप पाडतात, आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा. केळीच्या पानात बांधलेली पुडी. तांदूळ, मूग, हळद, कांदा! यात परके काय आहे? मुलीने बाईंना मांस नको म्हणून स्पष्ट सांगितले. बाईंनी मान हलवली, मांसाचे तुकडे ठेवलेले भांडे बाजूला सारले आणि दोन पुड्या भरून दिल्या.

सौ.नी पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. “माझ्या आईचा मुगाचा भात,” त्या म्हणाल्या. त्यांची आई जाऊन अकरा वर्षे झाली. दुसरा घास त्यांनी डोळे मिटून घेतला. तिसरा घेत असताना मुलगी पैसे देऊन वळली आणि तिची नजर गाड्याच्या कोपऱ्यातल्या ॲल्युमिनियमच्या लहान पातेल्यावर गेली. तिने बाईंना काहीतरी विचारले. बाईंनी सहज उत्तर दिले. मुलीने पुन्हा विचारले. मग ती आमच्यासमोर येऊन उकिडवी बसली. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

“बाक, कृपा करून खाऊ नका,” ती म्हणाली. “भातावर चरबी घातली आहे. डुकराची. मी मांस नको म्हटले, पण त्यांच्या लेखी चरबी म्हणजे मांस नव्हे. मी विचारायला हवे होते. चूक माझी आहे.”

वाचकांतील जी घरे सामिष आहेत त्यांना हा प्रसंग कदाचित हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल. ज्यांच्या घरी साठ वर्षांत असे झाले नाही त्यांना काही सांगायला नको. सौ.नी पुडी पुन्हा जशीच्या तशी बांधली. पाणी मागितले. रस्त्याकडेच्या झाडाच्या बुंध्याशी जाऊन तीन वेळा चूळ भरली आणि तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. आम्ही ताडकन उठलो. लेखी कळवूनही असे कसे होते, ज्यांनी पैसे घेतले त्यांचा दूरध्वनी आत्ताच्या आत्ता लावून दे, आम्हांला पुढे कुठेही जायचे नाही, असे आम्ही बरेच बोललो आणि मोठ्याने बोललो. शेजारच्या स्टुलांवरची माणसे खाणे थांबवून पाहू लागली. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. भातवाल्या बाईंना काय झाले ते कळेना. त्यांनी पैसे परत पुढे केले.

सौ. परत आल्या. “तिने सांगितले नसते तर मला कळले असते का?” त्यांनी आम्हांला मराठीत विचारले.

“नाही.”

“तुम्हांला?”

“नाही.”

“मग ओरडता कोणावर?”

आम्ही खाली बसलो. बसणे त्या स्टुलावर असल्याने त्यात रुबाब काही राहिला नाही. सौ.नी मुलीचा हात धरून तिला उठवले आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले, “तुझ्या घरी कोणी चाय खाते का?”

तिची आजी खात होती. महिन्यात दोन दिवस, चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, तिथले पुष्कळ बौद्ध लोक शाकाहार पाळतात; कित्येक घरांत ते व्रत आता वडीलधाऱ्यांपुरतेच उरले आहे. आणि आज पंधरावी तिथी होती. आमची पौर्णिमा, त्यांचीही पौर्णिमा. मुलीने फोन लावला. आजींचा आवाज खणखणीत असावा, कारण तो आमच्यापर्यंत पोचत होता. त्यांनी नातीला आधी रागे भरले, हे भाषा न कळताही कळले. मग प्रश्न सुरू झाले आणि नात ते एकेक करून पुढे विचारू लागली. अंडे चालते का? दूध? कांदा-लसूण? आजींच्या व्रतात कांदा-लसूणही वर्ज्य होता. “आमच्या चातुर्मासासारखेच,” असे सौ. म्हणाल्या. पुढचा सारा संध्याकाळचा मार्ग त्या न पाहिलेल्या आजींनी फोनवरून आखून दिला. छापील कार्यक्रम मुलीने वहीत मिटून ठेवला.

अडचण कुठे असते हेही आजींमुळे कळले. ‘नुओक माम’ नावाचे पाणी तिथल्या स्वयंपाकात आपल्या मिठाच्या जागी असते. लहान मासे आणि मीठ लाकडी पिंपांत थर देऊन कित्येक महिने, वर्षभरही मुरवतात आणि खाली जमणारा तांबूस अर्क काढून घेतात. कोशिंबिरीत तो, भाजीत तो, बुडवून खाण्याच्या वाटीतही तोच. त्यामुळे नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. ‘चाय’ म्हटले तरच त्या जागी सोयाबीनचे पाणी येते.

वाटेत सामिष पदार्थही पाहिले, त्यांचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. ‘फो’ हा पातळ तांदळी शेवयांचा रस्सा. हाडे रात्रभर उकळून, त्यात भाजलेले आले, दालचिनी, चक्रीफूल घालून केलेला. त्याचा वास डोळे मिटून घेतला तर आपल्या गोड्या मसाल्याच्या डब्याची आठवण होते. ‘बुन चा’ म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले डुकराचे मांस, शेवया आणि पाटीभर हिरवा पाला. मे २०१६ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ओबामा हनोईच्या एका साध्या दुकानात अशाच ठेंगण्या स्टुलावर बसून हे जेवले. सोबत पाकशास्त्रावर लिहिणारे अँथनी बोर्डेन होते, बिल त्यांनी दिले आणि ते सहा डॉलर झाले. ते टेबल दुकानदाराने पुढे काचेच्या पेटीत बंद करून ठेवले.

आजींनी सांगितलेली खाणावळ एका पागोड्याच्या मागच्या बोळात निघाली. पौर्णिमेमुळे गर्दी होती. दारात उदबत्त्या, आत स्टीलची ताटे. इथे दुसरा घोटाळा झाला, पण तो हसण्याचा. ताटात अख्खी कोळंबी, खवल्यांसकट मासळीचा तुकडा आणि कोंबडीची तंगडी! सारे सोयाबीनचे आणि कंदाच्या पिठाचे, असे मुलगी शपथेवर सांगू लागली. सौ.नी विश्वास ठेवला. पण “आकारसुद्धा नको” म्हणून ते ताट आमच्याकडे सरकवले. त्यांनी स्वतः टोमॅटोच्या रसातले सोयाबीनचे पनीर, भात आणि एक परतलेली पालेभाजी घेतली. भाजीचे पोकळ देठ पाहताच त्या म्हणाल्या, “ही तर नाळीची भाजी!” आणि तीच होती. ती त्यांनी दोनदा मागून घेतली. कोळंबी आम्ही खाल्ली. ती कशासारखी लागते हे सांगायला मूळ कोळंबी खाल्लेली असावी लागते, आणि अंड्यापलीकडे आमची मजल नाही.

अंड्यावरून आठवले. कॉफी तिकडे फ्रेंच पाद्र्यांनी एकोणिसाव्या शतकात नेली, आणि आज कॉफी पिकवण्यात ब्राझीलच्या खालोखाल व्हिएतनामचा नंबर आहे. १९४६ साली दुधाची टंचाई असताना न्गुयेन वान ज्यांग या मेट्रोपोल हॉटेलातल्या कामगाराने दुधाऐवजी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेसून कॉफीवर घालून पाहिला. त्यांच्या घराण्याचे दुकान एका इतक्या अरुंद बोळात आहे की समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला चिकटावे. पेला गरम पाण्याच्या वाटीत ठेवून आणतात. वर पिवळा, दाट, गोड फेस आणि खाली कडू काळी कॉफी. आम्ही ती सौ.च्या समोर, उजळ माथ्याने प्यालो. त्यांनी ‘फिन’ नावाच्या पत्र्याच्या गाळणीतून थेंब थेंब गळणारी, आटवलेल्या दुधाची कॉफी घेतली. “आटीव दूध तेवढे मिळाले,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने आपणहून बोलल्या, “उद्या मी फळांवर राहीन.” आणि मग अगदी हळू, “चव आईच्या हातची होती हो. तेच वाईट वाटते.” त्यावर काय बोलावे हे आम्हांला सुचले नाही. मुलीने काय म्हणाल्या असे विचारले. आम्ही सांगितले नाही.

शेवटचा मुक्काम छापील कार्यक्रमात नव्हताच. सरोवराकडे परतताना खांद्यावर कावड घेतलेली एक बाई दिसली. दोन्ही टोपल्यांत कमळाची पाने. ‘कोम’, मुलगी म्हणाली, आणि आजींनी हे विसरू नकोस असे बजावल्याचे सांगितले. चिकट तांदळाची कोवळी, दुधाने भरलेली लोंबी शरद ऋतूत कापतात, दाणे मंद विस्तवावर भाजतात, उखळात कांडतात, पाखडतात, पुन्हा कांडतात. हनोईजवळचे व्होंग गाव यासाठी प्रसिद्ध. ते आता शहरातच आले आहे. सौ.नी पान उलगडले आणि आम्ही दोघेही एकदम म्हणालो: पोहे! हिरवे, मऊ, चपटे, कमळाच्या पानाचा वास लागलेले ताजे पोहे. आपल्या हुरड्याचे आणि गुजरातच्या पोंकाचे हे तांदळातले भावंड. कोजागरीच्या नैवेद्याला पोहे लागतात. आणि आश्विनातली ही पौर्णिमा कोकणात नवान्नाची. नव्या तांदळाचा पहिला घास आम्ही परदेशातल्या पदपथावर खाल्ला, तिकडच्या रीतीप्रमाणे पिकल्या केळ्याबरोबर. मात्र खाण्यापूर्वी मुलीने बाईंना इतके प्रश्न विचारले की त्या हसू लागल्या. तांदूळ, विस्तव आणि उखळ, चौथे काही नाही, असे त्यांनी बोटांवर मोजून दाखवले.

निरोप घेताना मुलीने पुन्हा क्षमा मागितली. सौ.नी ती वाटेतच थांबवली आणि पिशवीतून लीलो चेवड्याची पुडी काढली. “हे आजींना. त्यांनीच आज आम्हांला जेवू घातले.” मुलीने पुडी दोन्ही हातांनी घेतली, पण पिशवीत ठेवली नाही. ती क्षणभर घुटमळली, मग तिने फोन लावला. पलीकडून तोच खणखणीत आवाज. पौर्णिमा अजून संपलेली नव्हती.

“आजी विचारते, यात काय काय आहे?”

सौ. बोटांवर मोजू लागल्या. बटाटा, चण्याची डाळ, हिरवी मिरची, तीळ, साखर, लिंबू. कांदा नाही, लसूण नाही. मुलगी एकेक शब्द पलीकडे पोचवत होती. शेवटी आजींनी आणखी एक प्रश्न विचारला आणि तो भाषांतर करण्याआधीच मुलीला हसू फुटले.

“आजी विचारते, तळले कशात?”

“शेंगदाण्याच्या तेलात,” सौ. म्हणाल्या, “आणि सांग, मी स्वतः तळले आहे.”